अस्तराखालचा शेरा

गफूरभाईंकडे पुस्तक बांधायला दिलं की ते परत कधी येईल हे सांगणं अवघड असायचं. "सोमवारी देतो जी," एवढंच ते म्हणायचे. कोणत्या सोमवारी, हे विचारायची सोय नव्हती. अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षं गफूरभाईंच्या सोमवारची वाट बघण्यात गेली. खळ वाळली नाही, कापड आलं नाही, हवा पावसाळी आहे, ही त्यांची ठरलेली कारणं. भर मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना त्यांनी मला पावसाळी हवेचं कारण दिलेलं आहे, आणि मीही ते ऐकून घेतलेलं आहे.

खरं कारण असं की ते प्रत्येक पुस्तक आधी वाचायचे आणि मग बांधायचे.

दुकान इतवाऱ्याच्या बाजारात होतं. एकच दार, एका बाजूला फुलवाला, दुसऱ्या बाजूला संत्री-केळी विकणाऱ्या बाई. आमच्या काही कादंबऱ्यांना झेंडूचा वास का येतो असं नवे सभासद विचारायचे, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. आत पुठ्ठ्यांची चळत, खळीचा डबा, बांधलेली पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, आणि कानावर पेन्सिलीचा तुकडा खोवून बसलेले गफूरभाई. घराणं हिवरखेडचं, पण वडिलांनी अमरावतीत दुकान टाकलं तेव्हापासून इथलेच. घरी उर्दू, बाजारात वऱ्हाडी, आणि माझ्यासारख्या म्याडमशी वऱ्हाडीच, पण थोडी धुऊन-पुसून.

तिवसा, धामणगावकडच्या शाळांची हजेरीपत्रकं त्यांच्याकडे गठ्ठ्यानं यायची. ती मात्र वेळेवर जायची. एकदा मी तक्रार केली की शाळांची कामं लवकर होतात आणि आमचीच रखडतात.

"त्याच्यात वाचाले काय हाय जी?" ते म्हणाले. "सगळे हजर, नाई तं गैरहजर."

त्यांच्या शेऱ्यांचा पत्ता मला योगायोगानं लागला. एका भिंतीला ओल आली आणि तिथल्या कपाटातली एक जाड कौटुंबिक कादंबरी फुगली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बाइंडर जो कोरा कागद चिकटवतात, ज्याला ते अस्तर म्हणतात, तो सुटून लोंबत होता. खाली पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : 'दोरा सुती, दुहेरी. खळ मैद्याची. मानूस चांगला, पन लय रडते.'

मी ते पुस्तक घेऊन तडक इतवाऱ्यात गेले. वाचनालयाच्या मालमत्तेवर लिहिणं हा आमच्याकडे गुन्हा होता, आणि त्याची पाटी मीच लावलेली होती.

गफूरभाई जराही ओशाळले नाहीत. "हे वाचकासाठी नाई जी. पुढच्या बाइंडरसाठी हाय. आमचे वालिद लेहून ठेवाचे, कोन्ता दोरा, कशाची खळ. म्हंजे वीस-पंचवीस वर्षानं कोनी खोललं तं त्याले समजलं पाह्यजे, आपन काय करून ठेवलं."

"ते दोऱ्याचं ठीक आहे. हे रडण्याचं काय?"

"दोऱ्याचं लेहून झालं का जागा उरते."

त्यानंतर मी रागवायचं सोडून दिलं आणि चोरून वाचायला लागले. जुनं पुस्तक पुन्हा बांधायला काढलं की आधी मीच अस्तर सोडवून बघायचे. एका मोठ्या माणसाच्या आत्मचरित्राखाली होतं : 'खरं बोलला असता तं अर्ध्यात झालं असतं.' एका कवितासंग्रहाखाली नुसताच दोऱ्याचा तपशील आणि पुढं रेघ. त्या रेघेचा अर्थ मी विचारला नाही.

ग्रंथपालाला न शोभणारी एक गोष्ट इथं कबूल करते. अद्भुत कादंबऱ्यांच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. बोलणारे दगड आणि जादूची दारं हा पोराटोरांचा खाऊ, असं माझं मत होतं, आणि ते न वाचताच झालेलं होतं. ही पुस्तकं मी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचे, त्यांची अस्तरंही मी कधी सोडवली नव्हती. गफूरभाईंचा हिशेब निराळा होता. पुस्तक हातात आलं की ते आधी पानांचा खालचा उजवा कोपरा बघायचे. कोपरा मऊ पडला असेल तर वाचलेलं, कडक असेल तर नुसतं मिरवलेलं. मधल्या पानांवर हळदीचं बोट सापडलं की त्यांना विशेष आनंद व्हायचा.

त्यांचं म्हणणं त्यांनी एका चुकीतून सिद्ध करून दाखवलं. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, त्यांना जुज म्हणतात. अशा जुजा एकावर एक ठेवून शिवायच्या. एका नामांकित प्राध्यापकांच्या समीक्षाग्रंथातली एक जुज त्यांच्या हातून उलटी शिवली गेली. सोळा पानं डोक्यावर उभी. हे त्यांच्या लक्षात आलं ते पुस्तक परत दिल्यावर. ते मला म्हणाले, "राहू द्या. कोनी सांगत आलं का नीट करून देतो." चार वर्षं कुणी आलं नाही. त्याच सुमारास 'सातवी वेस'च्या दुसऱ्या भागातलं एकच पान गहाळ झालं, आणि आठ दिवसांत तीन मुलं आणि एक पोस्टातले निवृत्त गृहस्थ माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. ते गृहस्थ सगळ्यांत जास्त चिडलेले होते.

'सातवी वेस' ही पाच भागांची कादंबरी. लेखकाचं नाव मी लिहीत नाही. सहा वेशींचं एक गाव, तिथली माणसं अडचणीच्या वेळी आपली सावली गहाण ठेवतात, आणि विहीर खोदणाऱ्याची मुलगी झिरी त्या सावल्या सोडवून आणायला सातव्या वेशीपर्यंत जाते, अशी ती गोष्ट. त्या वेशीपलीकडून जे सावल्या न्यायला येतात त्यांना 'पल्याडचे' म्हणतात. आमच्याकडे हे पाचही भाग इतके फिरायचे की दर दोन-तीन वर्षांनी इतवाऱ्यात जायचे.

आणि तिथं ते शबाना वाचायची. शबाना गफूरभाईंची एकुलती एक मुलगी. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्यावर बसायची. बाप एक जुज वाचून खाली ठेवायचा, लेक ती उचलायची. सुटी पुस्तकं वाचायचा हा प्रकार मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. पुढची जुज बापाच्या हातात असली की ती शेजारी उभी राहून घाई करायची. पहिल्या भागात झिरी दोराला धरून कोरड्या विहिरीत उतरते, तो प्रसंग दोघांना जवळजवळ पाठ होता. मुलगी कित्येक दिवस स्वतःला झिरीच म्हणवून घ्यायची, आणि बाप तिला त्याच नावानं जेवायला बोलवायचा.

एकदा ते लेखक आमच्या वाचनालयात व्याख्यानाला आले होते. मी त्यांना आमचे पाच भाग दाखवले. हिरव्या कापडातली बांधणी बघून त्यांनी विचारलं, कुणी केली? गफूरभाई मागच्या खुर्चीवर बसले होते. मी त्यांना पुढं बोलावलं. लेखकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "उस्ताद आहात." बाकीच्यांनी सह्या घेतल्या, गफूरभाईंनी घेतली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सही कायले? जिले भेटाचं होतं ते पुस्तकात भेटली."

मधे बरीच वर्षं गेली. शबाना शिकली, अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. लेखक म्हातारे झाले आणि म्हातारपणी सभांमधून बोलायला लागले. त्यातल्या एका भाषणाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आला. मुसलमानांच्या दुकानात पाय ठेवू नका, त्यांना घरं देऊ नका, हे पलीकडचे लोक आहेत, असं ते शांत, सुरेख मराठीत सांगत होते. मी तो पूर्ण ऐकला. आवाज तोच होता, 'उस्ताद आहात' म्हणणारा.

आठवड्याभरात वाचनालयाकडे शबानाचा अर्ज आला. 'सातवी वेस'चे पाचही भाग मुलांना देणं बंद करावं, एवढीच मागणी, चार ओळींची. अर्जानं कार्यकारिणीत दोन तट पडले. एकाला ती पुस्तकं वाचनालयातून बाहेर हवी होती. दुसऱ्याला ती दारासमोरच्या काचेच्या कपाटात हवी होती, कारण भाषण त्यांना आवडलं होतं. दोन्ही तटांत मिळून पाचही भाग वाचलेला एकही माणूस नव्हता, आणि मीही नव्हते, म्हणून मी गप्प राहिले.

पुस्तकं त्या वेळी नेमकी इतवाऱ्यात होती. अध्यक्ष वकीलसाहेब मला म्हणाले, त्या बाइंडरला विचारा, त्याचं काय म्हणणं आहे. मला वाटतं, त्यांना सुटका हवी होती. गफूरभाईंनी एक चिडलेलं वाक्य म्हणावं आणि विषय संपावा.

गफूरभाई म्हणाले, "वाचून सांगतो. एक महिना लागन."

"तुम्ही तर कित्येकदा वाचलंय."

"तवा मले हा मानूस ठाऊक नवता. आता ठाऊक हाय. आता वाचून पाह्यतो, तो कुठंकुठं हाय ते."

त्या महिन्यात मी दोनदा दुकानात गेले. त्यांची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण वाचन चालू होतं. शबाना महिन्यातून एकदा अकोल्याहून यायची, ती त्या महिन्यात आली नव्हती. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं. वाचनालयात ती पुस्तकं राहोत की जावोत, याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. पोरगी त्या पुस्तकापासून स्वतःला तोडून घेते आहे आणि त्याबरोबर गठ्ठ्यावर बसून काढलेली ती सगळी वर्षं टाकून देते आहे, ही त्यांची भीती होती. "आई गेल्यावर तिच्याजवळ काय होतं जी?" ते म्हणाले. "मी होतो अन् झिरी होती."

सभेला ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चौथा भाग, एक पातळ चाकू आणि ओलं फडकं होतं. शबानाही आली होती, सकाळच्या गाडीनं. बापलेक टेबलाच्या दोन टोकांना बसले. गफूरभाईंनी चौथ्या भागाचा मागचा पुठ्ठा उघडला, अस्तरावर ओलं फडकं दाबून धरलं आणि थोड्या वेळानं चाकूनं कागद अलगद उचलला. वकीलसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पुठ्ठा दर बांधणीला तोच ठेवलेला, म्हणून खाली जुनी पेन्सिल होती, लेखक व्याख्यानाला यायच्याही आधीची. गफूरभाईंना ती वाचता येईना, म्हणून मी वाचली :

'दोरा सुती. गोष्ट लय चांगली, पहिल्या भागातली विहीर कोनाले जमनार नाई. पन पल्याडचे एवढे येते, एवढे जाते, एक बी बोलत नाई. काऊन? लेहनाऱ्याले आयकू येत नाई का?'

"हे मी तवा लेहलं," गफूरभाई म्हणाले. "भाषन आता झालं. या बारीनं पाची भाग पुन्हा वाचले. झिरीची विहीर चांगली हाय, ते चांगलीच राह्यली. पल्याडच्याइले त्यानं बोलू देलं नाई, ते वाईट हाय, ते बी तसंच राह्यलं. भाषनानं पुस्तकातलं एक अक्षर हाललं नाई. त्याइले काचेत ठेवाचं काम नाई, अन् फेकाचं बी नाई. तो मानूस माह्या दुकानात आला तं मी त्याले पुस्तक बांधून देनार नाई, ते अलग हाय."

मला ते पटलं. दोन्ही तटांना पटलं नाही, त्यावरून मला ते जास्तच बरोबर वाटलं. एवढ्यात शबाना बोलायला उभी राहिली.

"अब्बांनी चूक दाखवली, ती बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ते मोठे होऊन वाचत होते. मी नऊ-दहा वर्षांची होते. मी पल्याडच्यांना घाबरायची. दुकानातून घरी जाताना अब्बांचा हात सोडायची नाही. ते पल्याडचे कोण, हे पुस्तकात कुठं लिहिलेलंच नाही. मले ते या भाषणात समजलं. ते पल्याडचे म्हणजे आमी. मी इतके वर्षं मलेच घाबरून राहिली होती."

गफूरभाईंनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकानं पुसत राहिले, तो स्वच्छ झाल्यावरही.

"हे मले दिसलं नवतं," ते शेवटी म्हणाले. "मी नुसतं इचारलं, काऊन बोलत नाई म्हनून. माही पोरगीच तिकडे उभी हाय, हे मले दिसलं नवतं."

सभेनं निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत छताच्या गळतीचा विषय निघाला आणि तो वर्षभर पुरला. तोपर्यंत निवाडा माझ्यावरच आला होता, म्हणून मी ते पाच भाग वाचायला घेतले. पोराटोरांचा खाऊ हे माझं मत पहिल्या भागातल्या विहिरीत बुडालं. चौथ्या भागात पल्याडचे रांगेनं येऊन मुकाट जात राहिले तेव्हा मला शबाना आठवत राहिली, आणि मला वाईट वाटलं, आणि तरी मी पाचवा भाग हातात घेतला. याचा निकाल कसा लावायचा ते मला आजही सांगता येत नाही. मग पाचही भाग मी परत इतवाऱ्यात पोचवले, चौथा अस्तरासाठी आणि बाकीचे राहिलेल्या बांधणीसाठी.

गफूरभाईंना मी शेवटचं पाहिलं ते दुकान आवरताना. डोळ्यांनी जवळजवळ काम सोडलं होतं आणि शबाना त्यांना अकोल्याला न्यायला आली होती. सोमवार होता, आणि आमची पुस्तकं तयार होती. त्यांनी दिलेला शब्द पहिल्यांदाच पाळला होता, हे मी त्यांना म्हणाले, तर ते हसले. शबाना दुकानाच्या पायरीवर बसून त्यांना सुया ओवून देत होती, दहा-बारा, म्हणजे शेवटची दोन पुस्तकं निघतील. चौथा भाग शिकंज्याशेजारी पडला होता, मागचा पुठ्ठा अजून उघडाच.

गफूरभाईंनी कानावरची पेन्सिल काढून लेकीपुढं धरली. "तेरा भी लिख दे. मेरे नीचे जगह है."

"मैं हाथ नहीं लगाऊँगी उसको, अब्बा."

"मत लगा. पहले कुएँवाला पन्ना पढ़ ले. फिर भी हाथ ना लगाना हो, तो मत लिख."

पहिला भाग मी परत न्यायच्या गठ्ठ्यात बांधला होता. मी तो सोडला आणि तिला दिला. ती उभ्यानंच वाचू लागली. विहिरीचं पान संपलं, तिनं पुढचं उलटलं, त्याच्याही पुढचं उलटलं. शेजारच्या बाईंनी केळी घ्यायची का म्हणून विचारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. मग तिनं भाग मिटला, चौथा भाग मांडीवर घेतला आणि लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. एकदा पेन्सिलीचं टोक मोडलं, तर बापानं चाकूनं तासून दिलं आणि ते तोंड फिरवून पुन्हा अस्तराच्या कागदाला खळ लावत बसले.

"तुम्ही वाचून घेणार नाही?" मी हळूच विचारलं.

"काऊन?" ते म्हणाले. "ते पुढच्या बाइंडरसाठी हाय."

त्यांनी कागद बोटांनी चाचपत पुठ्ठ्यावर बसवला, तळहातानं मधून कडेकडे दाबत नेला, आणि पुस्तक शिकंज्यात घातलं. शिकंजा आवळायला त्यांचं बळ कमी पडत होतं. शबानानं दांडीवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला आणि दोघांनी मिळून तो फिरवला. मी निघाले तेव्हा ती कागदाची कातरण झाडत होती आणि ते शिकंज्यावर हात ठेवून बसले होते.

दीड वर्षानं अकोल्याहून तिचा फोन आला, ते गेल्याचा. झिरीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.

पाचही भाग मी साध्या फळीवर ठेवले आहेत, काचेत नाही आणि बंद कपाटातही नाही. निवृत्त झाल्यावरही मी दुपारी जाऊन बसते. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं चौथा भाग परत केला तेव्हा मागचं अस्तर एका कोपऱ्यात सुटलं होतं. दमट हवेनं असेल, किंवा पोरीनं नख लावलं असेल. कागदाखाली पेन्सिलीच्या ओळीची सुरुवात दिसत होती, अक्षर गफूरभाईंचं नव्हतं. अशी कितीतरी अस्तरं मी आजवर आपल्या हातानं सोडवून वाचलेली आहेत.

मी पोरीला खळीचा डबा आणायला सांगितलं आणि तो कोपरा चिकटवून टाकला.